सिवनीची गाडी अडवली, ती सकाळ

मध्य प्रदेशातल्या बालाघाटला माझ्या दवाखान्यावर 'हृदयरोगतज्ज्ञ' अशी पाटी लागली, त्याच आठवड्यात एक आजोबा ती वाचून आत आले. खुर्चीच्या टोकाला टेकले आणि म्हणाले, "बाई, तुमच्याकडं अटॅकवालेच येतेत ना? मले तर अजून आला नाही. मंग मी आता दाखवू, का आल्यावर येऊ?"

मी त्यांना नीट बसायला सांगितलं. म्हटलं, "आजोबा, तुमी बरोबर टायमाले आले. आल्यावर येनारेच लय हायेत."

नागपूरला बरीच वर्षं नोकरी केल्यावर मी इकडे परत आले, त्यामागे हेच एक कारण होतं. माझं माहेर वारासिवनीचं. नागपूरच्या माझ्या ओपीडीत आमच्या भागातले पेशंट यायचे ते रात्रीच निघून, सकाळी थकलेल्या चेहऱ्यानं. त्यातल्या निम्म्यांना नागपूरची गरजच नसायची, आणि ज्यांना असायची ते उशिरा आलेले असायचे. मनात यायचं, मधे कुणीतरी असायला हवं. शेवटी ते कुणीतरी मीच झाले. घरात वऱ्हाडी, बाहेरच्या बाकांवर हिंदी आणि औषधाच्या चिठ्ठीवर इंग्रजी, असा माझा दवाखाना चालतो. आता वयामुळे मी दुपारनंतर बसत नाही, पण सकाळी बसतेच.

हृदयाचा डॉक्टर नेमकं करतो काय, हे मला शेतकऱ्यांना समजावणं सगळ्यात सोपं जातं. विहिरीवरच्या पंपाचं उदाहरण दिलं की पुढं फार बोलावं लागत नाही. पंपाला पाणी पुरवणारा पाइप चोंदतो, तसं हृदयाला रक्त पुरवणारी नळी चोंदते. त्याला तुम्ही अटॅक म्हणता. पंपाचा व्हॉल्व गळतो, तशा हृदयाच्या झडपा गळतात किंवा आखडतात. मोटर थकते, पाणी जोर धरत नाही, तेव्हा पायावर सूज येते आणि आडवं झालं की दम लागतो. आणि चौथा बिघाड असतो स्टार्टरचा. पाइप साफ, व्हॉल्व ठीक, मोटर दणकट, पण वीजच मधूनमधून जाते. हृदयालाही स्वतःची वीज असते, आणि तीही जाते. हा चौथा बिघाड लोकांना माहीतच नसतो. म्हणून आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

तसं माझ्याकडे कधी यावं, हे मी विचारणाऱ्याला साध्या शब्दांत सांगते. चढावर सायकल हाणताना किंवा पाण्याची गुंडी उचलून चालताना छातीवर दडपण येतं आणि थांबलं की जातं, तर या. काल जेवढं चालत होतात तेवढंच आज चालून दम लागतो, तर या. छाती उगाच धडधडते, मधेच ठोका चुकल्यासारखा वाटतो, पाय सुजतात, घरात वडील किंवा भाऊ कमी वयात हृदयानं गेले आहेत, बीपी-शुगर जुनी आहे, तर काही होत नसलं तरी एकदा येऊन जा. पण छाती दाबल्यासारखी दुखतेय, ते दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे चाललंय, दरदरून घाम फुटलाय, जीव घाबरा झालाय, असं असेल तर माझी वेळ घेत बसू नका. मी घरी आहे का, तेही विचारू नका. जवळच्या मोठ्या दवाखान्यात तडक जा. बायकांना तर कधीकधी छाती दुखतही नाही. नुसतं मळमळतं, पाठीत भरून येतं, अंगातलं त्राण जातं. त्या 'पित्त झालं' म्हणून ओव्याचं पाणी पीत घरी बसतात.

लामता गावच्या एका गुरुजींनी असंच केलं होतं. सकाळी दुखायला लागलं, त्यांनी सोडा प्यायला, मुलाच्या साखरपुड्याला जाऊन पाहुणे सांभाळले आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. तोवर हृदयाचा मोठा भाग कायमचा गेला होता. गुरुजी आहेत, बोलतात, पण अंगणातून ओसरीवर यायला त्यांना मधे थांबावं लागतं. मी त्यांना तपासते तेव्हा दर वेळी तो वाया गेलेला दिवस डोळ्यांपुढे येतो. त्याबद्दल आता कुणाला काहीच करता येत नाही.

गुलाबभाऊंच्या बाबतीत मात्र आम्हाला वेळ मिळाला. तो कसा मिळाला, ते सांगते.

गुलाब रामटेके बालाघाट ते सिवनी खाजगी बस चालवायचे. सकाळी लालबर्ऱ्यावरून सिवनीला जायचं आणि संध्याकाळी परतायचं. पन्नाशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा माणूस. त्यांना घेऊन त्यांच्या पत्नी विमलताई आल्या होत्या. घेऊन म्हणजे, दंडाला धरून. गुलाबभाऊंच्या कपाळावर ताजे टाके होते.

"मले काई नाही झालं मॅडम," ते आल्याआल्या म्हणाले. "थोडी चक्कर येते कवाकवा. गॅसची हाय."

विमलताई उभ्याच होत्या. "गॅसची चक्कर हाय तर मानूस वट्यावरून खाली पडते का, मॅडम? हे तिसऱ्या बारीले पडले. मले तर राती झोप नाही, यांचा श्वास पाहत बसतो."

याआधी एका डॉक्टरांनी ईसीजी काढून अटॅक नसल्याचं सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं. दुसऱ्यांनी मिरगीची शंका घेऊन गोळ्या दिल्या होत्या. मी टाके पाहिले आणि विचारलं, "गुलाबभाऊ, तुमी पडता कसे, तेवढं मले सांगा. पडाच्या आधी समजते का काही?"

"नाही. उभा असतो, न् मंग खालीच असतो. मधातलं काही आठवत नाही."

"तोंड कसं होते यांचं?" मी विमलताईंना विचारलं.

"पांढरं. एकदम मेल्यावानी." शब्द तोंडातून गेल्यावर त्या थबकल्या. "न् मंग लाल होते. न् लगेच उठून बसते, न् मलेच विचारते, तू रडतेस काहून?"

माझ्या धंद्यात मशिनं पुष्कळ आली, पण या दोन प्रश्नांइतकं काम अजून कुठलंच मशीन करत नाही. मिरगी येऊन गेलेला माणूस बराच वेळ गुंगीत असतो. उन्हात किंवा उपाशीपोटी चक्कर येणाऱ्याला आधी अंधारी येते, घाम येतो, कशाला तरी धरायला तेवढा अवधी मिळतो. काही न कळता तोडलेल्या झाडासारखा पडणारा आणि लगेच टुकटुकीत उठून बसणारा माणूस दिसला, की आधी हृदयाची वीज तपासायची.

आमच्या सुनंदाताईंनी ईसीजी काढला. सुनंदाताई माझ्याकडे ईसीजीचं काम बघतात आणि रोज लालबर्ऱ्याहून बसनं येतात. कागद बघितल्यावर माझी शंका वाढली. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खाली वीज नेणाऱ्या ज्या वाटा असतात, त्यातल्या बऱ्याचशा बिघडलेल्या दिसत होत्या. उरलेल्या एखाद्याच वाटेवर सगळं चाललं होतं. ती बंद पडली की ठोका बंद.

"आजच भरती व्हा," मी म्हटलं. "इथं नजरेखाली ठेवतो, न् मंग नागपूरले पेसमेकर बसवून घेऊ."

"आज नाही जमत मॅडम. लगनसराई हाय. मालकाकडं दुसरा डायवर नाही."

मी समजावलं, विमलताईंनी समजावलं. त्या चिडल्या, मग हात जोडू लागल्या. गुलाबभाऊ ढिम्म. तपासायला नाही म्हणत नव्हते, भरती व्हायला नाही म्हणत होते. शेवटी मी त्यांच्या छातीला होल्टर लावलं. म्हणजे छातीला चिकटवलेल्या वायरी आणि कमरेला अडकवलेली छोटी डबी. माणूस हिंडत-फिरत असताना ती प्रत्येक ठोका टिपून ठेवते. आणि बजावून सांगितलं, "आजपासून गाडी नाही चालवायची. सायकलही नाही. दम लागला, चक्कर आली, की तडक इथं या. मले शब्द द्या."

"हौ," ते म्हणाले. "मालकाले सांगतो मी आजच, दुसरा पाहा म्हनून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी चहा घेत होते तेव्हा सुनंदाताईंचा फोन आला. त्या नुकत्याच बसस्टँडवर उतरल्या होत्या.

"मॅडम, ते कालचे होल्टरवाले हायेत ना? ते इथं गाडीचा काच पुसून राह्यले. शर्टातून वायर दिसते. गाडीत सवारी भरून राह्यली."

"त्यांना बोलण्यात गुंतवा," एवढंच सांगून मी गाडीची किल्ली उचलली.

स्टँडवर जाईपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते. पेशंटचा आजार चारचौघांत सांगायचा नाही, हे आम्हाला शिकवलेलं असतं आणि ते बरोबरच आहे. त्या माणसाची रोजीरोटी त्या सीटवर होती. आजाराची बातमी स्टँडवर पसरली असती तर त्यांना पुन्हा कुणी गाडी दिली नसती. पण मागच्या सीटांवर बसलेल्यांचं काय? त्यांनाही कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

गाडी भरली होती. लग्नाला निघालेली एक मंडळी, टोपल्यांमधे आहेराची भांडी, खिडकीतून बाहेर डोकावणारी पोरं. गुलाबभाऊ सीटवर बसलेले, इंजिन सुरू. खाली सुनंदाताई त्यांना विचारत होत्या, लालबर्ऱ्याला गाडी बाहेरून जाते की आत येते. रोज त्याच रस्त्यानं येणारी बाई हे विचारतेय म्हणून गुलाबभाऊ गोंधळले होते. मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

मी दार उघडून कॅबिनमधे चढले आणि त्यांच्या बाजूच्या लांब सीटवर बसले.

"मॅडम, तुमी काहून...?"

"तुमी चालवत असान तर मी पन येतो सिवनीले," मी हळू आवाजात म्हटलं. "तुमी पडले तर कोनीतरी पाह्यजे ना."

मागून एकजण ओरडला, "ड्राइवर साहब, चलना है कि नहीं? मुहूरत निकल जाएगा."

गुलाबभाऊ काचेतून समोर बघत राहिले. स्टिअरिंगवरचे हात तसेच. "एकच फेरी, मॅडम. मालकाले रातीच सांगतलं. तो म्हने उद्याची तेवढी काढून दे. या लोकाइले लगनाले जाचं हाय. मी गेलो नाही तर हे जातीन कसे?"

"न् गेले तर पोचतीन का?"

त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग वरच्या आरशातून मागे बघितलं. आरशात काय दिसलं ते मला माहीत नाही. मी मागे वळले नाही. थोड्या वेळानं त्यांनी हात पुढे केला आणि इंजिन बंद केलं.

खाली उतरून त्यांनी कंडक्टरला सांगितलं, "मॅडमच्या घरी अर्जंट काम हाय, मले जावं लागते." ही थाप मी तशीच राहू दिली. पुढे अर्धा तास लोक आम्हा दोघांनाही यथेच्छ बोलले. मालक फोनवर तापला, मग स्वतःच दुसरा ड्रायव्हर घेऊन स्टँडवर आला. गाडी उशिरा का होईना, सुटली. ती गेटबाहेर पडेपर्यंत गुलाबभाऊ तिच्याकडे बघत उभे होते.

मी त्यांना माझ्या गाडीत बसवलं. सुनंदाताई मागे बसल्या. दवाखाना तसा दूर नाही. गुलाबभाऊ माझ्यावर रागावले होते आणि राग लपवतही नव्हते. "तुमी क्लच लय दाबून धरता, मॅडम," असं म्हणाले. पुढं काही तरी बोलणार होते. वाक्य अर्धंच राहिलं.

मी वळून बघितलं तर त्यांची मान छातीवर पडली होती.

गाडी कडेला एका टायरच्या दुकानापुढे लावली. मानेवर बोटं ठेवली. काही लागत नव्हतं. सीट मागे पाडली आणि दोन्ही हातांनी छाती दाबायला सुरुवात केली. सुनंदाताई मागच्या दारातून उतरून पुढे आल्या आणि त्यांचे पाय वर धरले. ते पांढरं तोंड मी तेव्हा पाहिलं. विमलताईंनी अगदी योग्य शब्द वापरला होता. इतकी वर्षं हे काम केलं, पण दवाखान्याबाहेर, गाडीच्या सीटवर, हाताशी काही नसताना माणूस असा थांबलेला मी कधी पाहिला नव्हता. मला भीती वाटली. खरीखुरी.

आणि मग हाताखाली काहीतरी उसळलं. एक ठोका, मग थांबून दुसरा, आणि मग एकामागून एक. गाल लाल झाले. गुलाबभाऊंनी डोळे उघडले, बाहेर टायर लटकलेले बघितले आणि म्हणाले, "थांबले काहून मॅडम? पंचर झालं का?"

सुनंदाताईंना रडू आणि हसू एकदमच आलं. त्यांनी पाय तसेच धरून ठेवले होते.

"गुलाबभाऊ, तुमी आता गेलते," मी म्हटलं. "ठोका बंद झाल्ता तुमचा."

"मी? मी तर बोलून राह्यलो होतो." ते उठायला लागले, मी उठू दिलं नाही. ते पडल्यापडल्या वर गाडीच्या छताकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मग त्यांनी विचारलं, "मॅडम, स्टँडवरून टायमावर निघालो असतो, तर आता गाडी कुठं असती?"

रस्ता त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होता.

"वैनगंगेच्या पुलावर असती," ते म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले. "मले भरती करा."

बाकीचं सांगायला सोपं आहे, कारण ते माझं रोजचं काम आहे. मानेतल्या शिरेतून एक बारीक वायर हृदयात सोडली आणि ती खाटेजवळच्या डबीला जोडली. ही तात्पुरती सोय. मनातली धाकधूक मात्र त्या डबीचा दिवा लुकलुकायला लागल्यावरच गेली. हृदय विसरलं तरी आता आठवण करून देणारं कुणीतरी होतं. विमलताई आल्या तेव्हा गुलाबभाऊ डोळे मिटून पडलेले. त्या धावत आत शिरल्या आणि मॉनिटरकडे बघतच राहिल्या. मी म्हटलं, "वहिनी, ते झोपले हायेत. नुसते झोपले." त्या खाटेच्या पायथ्याशी बसल्या.

मग अँब्युलन्सनं नागपूर. तिथं माझ्या एका जुन्या सहकाऱ्यानं कायमचा पेसमेकर बसवला. गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत एक छोटीशी चपटी डबी आणि तिच्यातून हृदयापर्यंत गेलेल्या वायरी. या कामाला माणसाला पूर्ण बेशुद्धही करावं लागत नाही. परत आल्यावर गुलाबभाऊंनी मला विचारलं, "मॅडम, हे ऑटोमॅटिक हाय का गेअरवालं?"

मी सांगितलं की हे उगाच चालत नाही. हृदयाचा ठोका आपणहून पडला तर गप्प राहतं. पडला नाही तरच झटका देतं, आणि तोही तुम्हाला कळणार नाही इतका हलका.

त्यांनी विचार केला. "म्हनजे डायवरले डुलकी लागली तर कंडक्टर घंटी वाजवते, तसं."

गेली कित्येक वर्षं मी लोकांना पेसमेकर समजावतेय. इतक्या थोडक्यात मला कधी जमलं नव्हतं. ते उदाहरण मी आता सर्रास वापरते.

गाडीचा प्रश्न उरला होता. त्यांना वाटत होतं, आता आपण घरीच बसणार. मी घाई केली नाही. जखम भरू दिली, वायरी पक्क्या बसल्याची खात्री केली, नागपूरला पेसमेकरची तपासणी पुन्हा करून घेतली. चक्कर एकदाही आली नव्हती. मग आरटीओच्या तपासणीला त्यांना पाठवताना मी त्यांच्यासमोरच सगळं खरं लिहिलं आणि त्यांनी स्वतः मालकाला सगळं खरं सांगितलं. मालक हबकला. मग म्हणाला, "त्या दिवशीच सांगाचं ना, भाऊ. मीच धक्का देऊन उतरवलं असतं." तो खरं बोलत होता का, कुणास ठाऊक. पण सीट त्यानं रिकामी ठेवली होती.

गुलाबभाऊ पुन्हा सिवनीच्या गाडीवर बसले त्यानंतरच्या आठवड्यात विमलताई एकट्याच दवाखान्यात आल्या. हातात डबा, त्यात मोहफुलं कुटून केलेल्या गोड लाट्या. मी विचारलं, "कसं वाटलं पह्यल्या दिवशी?"

"मी गेलती ना संगं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं लगन होऊन झाले, पन त्यांच्या गाडीत मी कवा बसलीच नव्हती. म्हटलं, आज बसतो. ते म्हने काहून येते, मी म्हटलं सिवनी पाह्याची हाय मले."

"मंग? कशी हाय सिवनी?"

त्या लाजल्या. डब्याचं झाकण उगाच काढून पुन्हा लावलं.

"पाह्यलीच नाही, मॅडम. स्टँडमधून गाडी निघाली न् मले झोप लागली. जाताना झोपली, येताना झोपली. त्यांनी उठवलंच नाही."